पाटा इकडं, वरवंटा तिकडं

"नंदे, चाखून बघ. आज पण खारट."

नंदा लोहारानं माझ्या डब्यातल्या आमटीत बोट बुडवलं, चाटलं आणि खांदे उडवले. "चालतंय की. माझ्या डब्यात सलग चौथ्या दिवशी पिठलं आलंय, मी काय बोलले का?"

"तुला चालतंय. मला नाही चालत," मी म्हणाले आणि वहीचं मागचं पान टरकन फाडून लिहायला बसले. तेव्हा मी दहावीला होते, सोळावं वर्ष चालू होतं आणि जगातल्या सगळ्या चुका दुसऱ्यांच्याच असतात याबद्दल माझी पक्की खात्री होती.

ती चिठ्ठी मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. 'आई, तुझं हल्ली लक्ष कुठे असतं? आमटी रोज खारट. अगदी हौसाकाकीच्या हातासारखी. असलंच पाठवायचं असेल तर डबा पाठवू नकोस. मी उपाशी राहीन. शालन.' उपाशी या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. मग त्याच आमटीत दोन भाकरी कुस्करून खाल्ल्या, डबा धुतला आणि चिठ्ठीची घडी करून तळाच्या पुडात ठेवली.

आमचं गाव कारंडेवाडी. दहिवडीपासून सव्वीस किलोमीटर, माणदेशातलं, हुलगे, मटकी आणि बाजरीशिवाय फारसं काही न पिकणारं. गावातली शाळा सातवीपर्यंत. थोरल्या बहिणीचं शिक्षण तिथंच संपलं आणि पंधराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. माझ्या वेळेला आई अडून बसली. आण्णांना म्हणाली, "एकीला दिली ढकलून. ही दहावी झाल्याबिगर हिच्या लग्नाचं नाव काढायचं न्हाय. आनि झाली न्हाय, तर मग तुमी म्हनाल तसं." ती स्वतः चौथी शिकलेली. मी आठवी-नववी रोज एसटीनं जाऊन-येऊन केली. दहावीला सकाळी सातचे जादा तास सुरू झाले, तेव्हा मी आणि नंदानं दहिवडीत स्टँडच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली.

जेवण गावाहून यायचं. संध्याकाळची गाडी कारंडेवाडीला मुक्कामी जायची आणि सकाळी सहाला परत निघायची. आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, गाडीत डबे आणून ठेवायच्या, आणि दहिवडीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीखाली ते रांगेनं मांडले जायचे. आम्ही जादा तास संपवून नऊला आपापला डबा उचलायचो. दोन्ही वेळेला तोच, रात्रीचं पातेल्यात काढून ठेवायचं. संध्याकाळी रिकामा डबा मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरकडे, मुजावरमामांकडे द्यायचा. आमच्या भागातली निम्मी पोरं एसटीच्या डब्यावरच शिकली. रिकाम्या डब्यातून मी आईला चिठ्ठी लिहायची आणि ती त्याच कागदाच्या मागं पेन्सिलीनं उत्तर धाडायची. उत्तर म्हणजे काय, 'बरं.' नाहीतर 'अभ्यास कर.' एकदा फक्त 'म्हैस व्याली' एवढंच आलं होतं.

संक्रांत झाली आणि ही उत्तरं बंद पडली. मी दोनदा, तीनदा लिहिलं, मागची बाजू कोरीच. डब्याच्या फडक्याची गाठही बदलली. आई सैल गाठ मारून टोक आत खोचायची. आता गाठ अशी आवळलेली असायची की दातानं सोडवावी लागायची. भाकरी जाड झाल्या. चटणी मात्र लोण्यासारखी बारीक येऊ लागली, जी आईला गेली सहा वर्षं कधीच जमली नव्हती. मध्ये एकदा आण्णा येऊन गेले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला डझनभर केळी दिली. पिशवीवर मिरजेच्या दुकानाचं नाव होतं.

"मिरजेला कशाला गेलता?" मी विचारलं.

"काम हुतं," आण्णा म्हणाले. "तू गावाकडं येत बसू नगंस. आता परीक्षा झाल्यावरच ये. येण्याजाण्यात दोन दिस जात्यात."

मला काय, बरंच झालं. मी केळी मोजून निम्मी नंदाला दिली आणि भूमितीला लागले. इतक्या खुणा डोळ्यासमोर असताना मला एकही दिसली नाही. दिसला तो फक्त खारटपणा.

चटणीचं सांगायचं तर हौसाकाकीचं सांगावं लागेल. ती माझ्या धाकट्या चुलत्याची, तात्यांची बायको, म्हणजे आईची धाकटी जाऊ. आईला ती अक्का म्हणायची. मी दहा वर्षांची होते तेव्हा घराची वाटणी झाली. शेताची झाली, बैलांची झाली, घरात मधोमध भिंत आली आणि सगळं शांततेत पार पडत आलेलं असताना पाट्यावरून दोघी जावा भांडल्या. आजीच्या हातचा काळा दगडी पाटा होता. आई म्हणे थोरलीचा मान म्हणून माझा. काकी म्हणे वाटायचं काम दहा वर्षं मी केलं म्हणून माझा. पंच वैतागले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पाटा इकडं द्या आनि वरवंटा तिकडं, मिटलं." तो चेष्टेनं म्हणाला होता. पण दोघींनी ते खरं धरलं. पाटा आमच्याकडे आला, वरवंटा काकीकडे गेला. आई ओढ्यातला गोटा घेऊन पाट्यावर वाटायची आणि चटणी भरड निघायची. पलीकडे काकी आजीचा वरवंटा एका खडकावर घासत बसायची. दोघींपैकी एकीनंही दुसरा दगड बाजारातून आणला नाही. सहा वर्षं बोलणं बंद. आमच्या घरात हुलग्याचं नावसुद्धा निघायचं नाही, कारण हुलग्याच्या पिठाचे, रश्शात शिजवलेले शेंगोळे ही काकीची खासियत. वाटणीच्या आधी मी त्यांच्यासाठी तिच्या चुलीपुढून हलायची नाही. नंतर मीही आईच्या बाजूनं झाले आणि काकी समोरून आली की मान फिरवायला शिकले.

तर ती खारट आमटीची चिठ्ठी गुरुवारी संध्याकाळी गेली. शुक्रवारच्या डब्यात आमटी आली ती साफ अळणी. मीठ नावाला नाही. मी पुन्हा पान फाडलं. 'आज मीठच नाही. मुद्दाम राग काढतेस का?'

शनिवारी सराव परीक्षेचा निकाल लागला. मी वर्गात दुसरी आले होते. पहिली यायची त्या डॉक्टरच्या मुलीच्या मागं फक्त सहा गुणांनी. गणिताला तर तिच्या पुढं. सरांनी गुणपत्रक हातात दिलं आणि माझा आईवरचा राग कुठल्या कुठे पळाला. शाळा अकराला सुटली. नंदा म्हणाली, "येऊ नको म्हणून सांगितलंय ना तुला?"

"दाखवते आणि रात्रीच्या आत परत येते," मी म्हणाले आणि पळत जाऊन दुपारची गाडी धरली.

ही गाडी गावात जात नसे, फाट्यावर सोडून पुढं जायची. फाट्यापासून दोन मैल बांधाबांधानं चालायचं. मी गुणपत्रक ऊन लागून पिवळं पडेल म्हणून छातीशी धरलं होतं. आईचा चेहरा कसा होईल, ती आधी देवापुढं ठेवील की आधी शेजारच्या पुतळाआत्याला दाखवील, हे मी वाटभर ठरवत होते. मागच्या परड्यातून घरी आले. दाराला कुलूप. म्हैसही गोठ्यात नव्हती, ती भिंतीपलीकडे काकीच्या गोठ्यात बांधलेली दिसली. मला काही समजेना. तेवढ्यात पलीकडून वाटण्याचा आवाज आला. दगडावर दगड, पण गोट्यासारखा खडखड नाही. तो जुना, लहानपणीचा घरघरता आवाज होता. मी भिंतीच्या पडक्या कोपऱ्यातून डोकावले.

आमचा पाटा काकीच्या परड्यात होता. त्याच्यावर काकीचा वरवंटा फिरत होता. काकी गुडघा रोवून चटणी वाटत होती आणि तिची मुलगी बेबी, तिसरीतली, माझ्या दोन चिठ्ठ्या मांडीवर पसरून बसली होती.

"वाच म्हनलं ना," काकी म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं.

बेबी बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. "आ...ज मी...ठ...च ना...ही. मु...द्दा...म रा...ग का...ढ...ते...स का."

काकीचा हात थांबला. "आता किती घालू गं बाई मी? परवा जास्त झालं, काल कमी झालं. अक्का चिमटीनं घालती, मला मुठीची सवय. परवाची वाच परत."

"नगं. त्यात तुला नावं ठेवल्यात."

"ठिवू दे. मिठाचं काय म्हनलीया तेवढं बघ."

बेबीनं वाचलं. 'हौसाकाकीच्या हातासारखी' हे सहा-सात तुकड्यांत वाचलं, आणि प्रत्येक तुकडा माझ्या कानात निराळा शिरला. काकी मात्र हसली. खरंच हसली. "बरोबर हाय की पोरीचं. तुझा बा बी ह्येच म्हंतो."

"मग सांग की तिला, डबा तू करतीस म्हनून," बेबी फणकाऱ्यानं म्हणाली. "मग न्हाय नावं ठेवायची ती."

"खुळी का काय तू?" काकीनं वरवंटा उभा केला. "मोठी आई मिरजेच्या दवाखान्यात हाय, तिच्या पोटातली गाठ काढलीया, हे शालीला कळलं तर ती पेपर लिहील व्हय? गाठ तपासायला धाडलीया. बरी हाय का वाईट, अजून डाक्टरला बी ठावं न्हाय. दिवाळीपासनं दुखत हुतं अक्काचं, पन पोरीचं वरीस बुडंल म्हनून गप बसली. जायाच्या आदल्या दिशी भिंतीपाशी आली. सा वर्सांत पयल्यांदा बोलली माज्याशी. किल्ली हातात दिली आनि म्हनली, हौसा, माजं काय बी हुंदे, शालीचा डबा चुकू दिऊ नगंस. आनि तिला कळू दिऊ नगंस. पाया पडाय लागली माज्या. थोरली असून." काकीनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा वाटायला लागली. "पाटा तिनंच उचलून दिला. म्हनली, चटणी बारीक लागती तिला."

मी भिंतीच्या अलीकडे खाली बसले. आई मरेल का, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. आत जावं, काकीच्या गळ्यात पडावं, आण्णांना बोलवावं, असंच उठून मिरजेला पळत सुटावं. गुणपत्रक घामानं ओलं झालं होतं. मी खरंच उठले. दोन पावलं टाकली असती तर काकीच्या समोर असते.

आणि मला तिचे शब्द आठवले, कळू दिऊ नगंस. जिच्याशी मी सहा वर्षं मान फिरवून वागले ती बाई पहाटे चारला उठून, दोन घरांची जनावरं बघून, स्वतःला दिलेल्या शिव्या पोरीकडून वाचून घेऊन, चिमटी की मूठ याचा हिशोब करत बसली होती. कशासाठी, तर मला काही कळू नये म्हणून. मी समोर गेले असते तर तिचा शब्द मोडला असता. आईचाही मोडला असता.

मी आले तशी बांधाबांधानं परत गेले. फाट्यापर्यंत मनसोक्त रडून घेतलं. वाटेत एक मेंढका भेटला, त्यानं विचारलं, "कोन गेलं गं पोरी?" मी मान हलवून म्हणाले, "कोणी नाही." तो म्हणाला, "मग रडू नगं," आणि मेंढरं हाकत पुढं गेला. चारच्या गाडीनं मी दहिवडीला पोचले. नंदानं विचारलं, "काय म्हणाली आई?"

"खूश झाली," मी म्हणाले. नंदाशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी परीक्षा दिली. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आण्णा शाळेच्या फाटकाशी उभे होते आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. मी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं. गाठ साधी निघाली होती. आई त्यानंतर एकवीस वर्षं जगली. मी दहावी झाले, बारावी झाले, नर्सिंगला गेले आणि मिरजेच्याच एका दवाखान्यात माझी तीस वर्षांची नोकरी झाली. पाटा पुन्हा आमच्याकडे आला नाही. आईच रोज वाटण घेऊन काकीच्या परड्यात जायची. पहिले सहा महिने दोघी एकमेकींशी चकार शब्द न काढता वाटायच्या. एक वाटायची, दुसरी पाणी शिंपडायची. मग कधीतरी बोलू लागल्या, आणि त्यानंतर गप्प बसवणं अवघड झालं.

पण मी सांगायला बसले ते त्या शनिवारनंतरचं.

रविवारी संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन स्टँडवर गेले. मुजावरमामा गाडीच्या दारात उभे होते. पाच वेळा नमाज पढणारे, खोट्याचा तिटकारा असलेले.

"मामा, माझा डबा रोज तुमच्याकडं कोण देतं?"

मामांनी हातातला तिकिटं टोचायचा पंच दोनदा उगीचच वाजवला. "कोण देणार? तुझी आई."

"बरी आहे ना ती?"

"बेस हाय," मामा म्हणाले, आणि एकदम पाठ फिरवून आत कुणालातरी तिकिटाचं विचारू लागले. गाडीत अजून कोणी चढलंच नव्हतं. म्हणजे मामाही त्यात होते. अख्खी मुक्कामाची गाडी माझ्यासाठी खोटं बोलत होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडले असते तर त्यांना कळलं असतं. मी डबा दिला आणि खोलीवर आले.

त्या डब्यात चिठ्ठी होती. ती लिहायला मला अर्धा दिवस लागला होता. माफी मागायची तर मला कळलंय हे उघड होत होतं. गप्प बसायचं तर त्या दोन चिठ्ठ्या तशाच राहत होत्या. शेवटी मी लिहिलं, 'आई, सराव परीक्षेत दुसरी आले. अभ्यास नीट चालू आहे, काळजी करू नकोस. जेवण चांगलं असतं. मी उगीच बोलले. शेंगोळे खावेसे वाटतात. तुझ्या हाताला येईल तसंच मीठ घाल. शालन.'

आईनं जन्मात शेंगोळे केले नव्हते. ते मला माहीत होतं आणि काकीलाही.

काकी तीन वर्षांपूर्वी गेली. मला कळलंय हे तिला कळलं होतं का, ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी विषय काढला नाही. तिच्या दहाव्याला बेबीनं आपण होऊन सांगितलं. त्या संध्याकाळी बेबीनं चिठ्ठी वाचली. शेंगोळ्यांच्या ओळीशी काकी म्हणाली, "परत वाच." बेबीनं परत वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर काकीनं चुलीतली लाकडं पुढं सारली. मग उठली आणि म्हणाली, "बेबे, हुलगं काढ."

सोमवारी नऊ वाजता मी कंट्रोलरच्या खिडकीखालून डबा उचलला. गाठ तशीच आवळलेली होती. खोलीपर्यंत जायला धीर नव्हता, तिथंच बाकड्यावर बसून ती दातानं सोडवली. झाकण काढलं तसा लसणाचा आणि हुलग्याचा वास आला. वर शेंगोळे, बोटाएवढे, वळून टोकं जुळवलेले, दाट रश्शात. नंदा म्हणाली, "हे काय गं नवीन?" मी पहिला घास तोंडात घातला.

मीठ जास्त होतं. अगदी हौसाकाकीच्या हातासारखं. मी नंदाला एकही दिला नाही.